डीएसएनची टेस्ट पास होते, मग ऑडिट डेटाबेस जोडला का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा: एसएपी बिझनेसऑब्जेक्ट्स बीआय ४.३ (कंपनीचे रिपोर्ट चालवणारी प्रणाली), विंडोजवर, दोन मशीनवर दोन सीएमएस (सेंट्रल मॅनेजमेंट सर्व्हर, सगळी प्रणाली सांभाळणारा मुख्य सर्व्हर). ऑडिटचा, म्हणजे कोणी कधी काय केलं या नोंदींचा, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर. डीबीए टीमने (डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी) तो बॅकअप-रिस्टोअर करून नव्या सर्व्हरवर हलवला. दोन्ही मशीनवरचे डीएसएन (डेटाबेस कुठे आहे ते सांगणारी विंडोजच्या ओडीबीसीतली नोंद) नव्या सर्व्हरकडे वळवले, ‘टेस्ट’ यशस्वी येते. पहिल्या मशीनवरचा एसआयए (त्या मशीनवरचा सीएमएस आणि बाकीचे सर्व्हर चालू-बंद करणारी सर्व्हिस) रीस्टार्ट केला. तरी ऑडिटमध्ये नव्या नोंदी येत नाहीत आणि सर्व्हरवरचं ऑडिटिंग फोल्डर फुगत चाललं आहे. त्यातल्या जुन्या फाइल्स उडवल्या तर चालतील का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथे घाई झाली तर नुकसान भरून येत नाही: नाही, एकही फाइल उडवू नका. त्या फाइल्स म्हणजेच तुमचं राहिलेलं ऑडिट आहे. रिपोर्ट उघडला, रिफ्रेश झाला, कोणी लॉगिन केलं, अशी प्रत्येक घटना आधी ज्या सर्व्हरवर घडली त्याच्या टेंपररी फाइलमध्ये उतरते. मग क्लस्टरमधला (एकत्र काम करणाऱ्या सीएमएसच्या गटातला) एक सीएमएस, ज्याला ऑडिटर म्हणतात, तो सगळ्या सर्व्हरांकडे फेरी मारून त्या नोंदी गोळा करतो आणि डेटाबेसात टाकतो. डेटाबेस बंद असला तरी पहिला भाग चालूच राहतो. म्हणून फोल्डर फुगतंय, आणि ती चांगली खूण आहे: नोंदी घेण्याचं काम नीट चाललंय, अडलंय ते फक्त पोचवणं. जोडणी लागली की तुंबलेलं सगळं आपोआप आत जाईल. फाइल उडवली तर तेवढ्या काळाचं ऑडिट कायमचं गेलं, आणि ते नेमकं तपासणीला येणारी ऑडिटर मंडळी मागतील त्याच तिमाहीचं असतं.

ड्राइव्हवर जागा कमी पडत असेल तर सीएमसीत (प्रणालीच्या ॲडमिनसाठीच्या वेब कन्सोलमध्ये) त्या सर्व्हरच्या प्लेसहोल्डर्समध्ये डिफॉल्टऑडिटिंगडिर कुठे निर्देश करतो ते बघा आणि त्या ड्राइव्हवरची दुसरी अडगळ आधी हलवा. जुने ट्रेस लॉग बहुतेक वेळा त्याच ड्राइव्हवर लोळत असतात. अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून ऑडिटिंग फोल्डर वगळलं आहे ना, हेही एकदा विचारून घ्या. फाइल लिहिली जात असताना स्कॅनरने धरून ठेवली की वेगळीच दुखणी सुरू होतात.

आता मूळ मुद्दा. ‘टेस्ट यशस्वी’ या दोन शब्दांवर तुम्ही फार भरवसा ठेवलाय. ती टेस्ट तुम्ही केली, तुमच्या खात्याने, तुम्ही बसला होता त्या मशीनवरून. सीएमएस वेगळ्या खात्याने, वेगळ्या पासवर्डने आणि कदाचित वेगळ्या मशीनवरून जोडायला जातो. त्यामुळे प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: इथे जोडायला नक्की कोण जातंय?

सुरुवात सीएमसीच्या ऑडिटिंग पानावर. वरच्या स्टेटस भागात ‘सीएमएस ऑडिटर’ असं लिहिलेलं असतं, तिथे दोनपैकी कोणत्या सीएमएसचं नाव आहे ते बघा. ऑडिटर एका वेळी एकच असतो आणि तो बंद पडला की दुसरा ती जागा घेतो. तुम्ही पहिल्या मशीनवरचा एसआयए रीस्टार्ट केला त्या क्षणी ऑडिटरची जागा दुसऱ्याकडे गेली असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे तुम्ही पहिल्या मशीनवर दुरुस्त्या करताय आणि जोडायचा प्रयत्न दुसरं मशीन करतंय. शिवाय ऑडिट डेटाबेसच्या जोडणीत काहीही बदललं की क्लस्टरमधले सगळे सीएमएस रीस्टार्ट करावे लागतात, एकाने भागत नाही. कामाच्या वेळेत करायचं असेल तर एकामागून एक करा, पहिला पूर्ण उठल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

याच पानावर खाली ‘एडीएस ऑटो रीकनेक्ट’ असा पर्याय आहे (एडीएस म्हणजे ऑडिटचा डेटाबेस). तो बंद असेल तर डेटाबेस पाच मिनिटांसाठी खाली गेला तरी सीएमएस स्वतःहून पुन्हा जोडत नाही, रीस्टार्टची वाट बघत बसतो. तो बंद ठेवण्याचं पटण्यासारखं कारण सहसा नसतं. चालू करा.

मग डीएसएन. दोन्ही मशीनवर पुढच्या गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघा, कोणी ‘केलंय’ म्हणालं म्हणून सोडू नका.

डीएसएनचं नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं. सीएमसीत जोडणीचं नाव एकदाच भरलेलं असतं आणि ऑडिटर झालेला सीएमएस आपल्या मशीनवर तेच नाव शोधतो. एकीकडे अंडरस्कोर आणि दुसरीकडे हायफन, एवढ्यावरून ऑडिट अडतं. असा घोटाळा महिनोन्‌महिने लपून राहतो, कारण ऑडिटर पहिल्या मशीनवर आहे तोवर सगळं सुरळीत असतं. विंडोजचे पॅच टाकायला ते मशीन रीबूट झालं की ऑडिट थांबतं आणि दोष पॅचवर जातो.

डीएसएन ‘सिस्टम’ टॅबमध्ये हवा, ‘यूजर’ टॅबमध्ये नको. यूजर डीएसएन फक्त तो बनवणाऱ्या खात्याला दिसतो. एसआयए लोकल सिस्टम किंवा सर्व्हिस खात्याखाली चालतो, त्याला तुमचा यूजर डीएसएन अस्तित्वातच नाही.

आणि तो ६४ बिटचा हवा. ४.३ चा सीएमएस ६४ बिट आहे. इथे मायक्रोसॉफ्टने नावांची अशी काही गंमत करून ठेवली आहे की भल्याभल्यांचा गोंधळ होतो: ओडीबीसीएडी३२ नावाचा प्रोग्राम दोन ठिकाणी आहे. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधला ६४ बिटचा, आणि सिसवॉव६४ फोल्डरमधला ३२ बिटचा. नाव वाचून वाटतं त्याच्या बरोबर उलट. नव्या विंडोजमध्ये ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर उघडला की शीर्षकातच ३२ की ६४ ते दिसतं आणि यादीत प्लॅटफॉर्मचा रकाना असतो, तो वाचा.

सर्व्हरचं नाव कसं लिहिलंय तेही बघा. जुना सर्व्हर साध्या १४३३ पोर्टवर असेल आणि नवा नेम्ड इन्स्टन्स (स्वतंत्र नाव दिलेला एसक्यूएल सर्व्हर) असेल, तर पोर्ट डायनॅमिक, म्हणजे बदलतं, असू शकतं. तेव्हा क्लायंट आधी एसक्यूएल ब्राउझरला यूडीपी १४३४ वर पोर्ट विचारतो आणि फायरवॉलवर नेमकं हेच बंद असतं. डीबीएंना पोर्ट पक्कं करायला सांगा आणि डीएसएनमध्ये सर्व्हरच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन पोर्ट लिहा. स्वल्पविराम, कोलन नाही. दोन्ही मशीनवरून पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शन कमांडने ते पोर्ट उघडं आहे का ते तपासा. एका मशीनवरून उघडं आणि दुसऱ्यावरून बंद असेल तर फायरवॉलच्या नियमात एकच आयपी टाकलाय असं समजा.

ड्रायव्हर बदलला असेल तर आणखी एक. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्शन मुळातच चालू असतं. सर्व्हरवर स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट असेल तर ‘सर्टिफिकेट देणाऱ्यावर विश्वास नाही’ अशा अर्थाची एरर येते. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’वर टिक करून वेळ मारून नेता येते, पण खरा उपाय सर्व्हरवर कंपनीच्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या विश्वासू यंत्रणेचं) सर्टिफिकेट बसवणं. उलट बाजूही आहे: नव्या सर्व्हरवर फक्त टीएलएस १.२ (एन्क्रिप्शनची पद्धत) ठेवलं असेल आणि तुमच्याकडे नेटिव्ह क्लायंटचं जुनं बिल्ड असेल तर हातमिळवणीच होत नाही. कोणता ड्रायव्हर तुमच्या सपोर्ट पॅकला (एसएपीच्या अपडेट संचाला) चालतो ते एसएपीच्या पॅम यादीत (कशाबरोबर काय चालतं त्याच्या अधिकृत यादीत) बघूनच बसवा.

इथवर सगळं ठीक निघालं तर, आणि तुमच्या वर्णनावरून तसंच निघेल असं वाटतं, खरी मेख पुढे आहे.

डीएसएनमध्ये पासवर्ड साठवलेला नसतो. एसक्यूएल सर्व्हरच्या डीएसएनमध्ये तुम्ही जो पासवर्ड टाकता तो फक्त त्या वेळेच्या टेस्टपुरता. सीएमएस वापरतो ते यूजरनेम आणि पासवर्ड सीएमसीच्या ऑडिटिंग पानावर भरलेले असतात. टेस्ट करताना विंडोज ऑथेंटिकेशन निवडलेलं असेल तर तपासलं गेलं तुमचं डोमेन खातं. तुम्हाला सर्व्हरवर प्रवेश आहे, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

आणि डेटाबेस बॅकअप-रिस्टोअरने हलवला आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन राहतं सर्व्हरच्या पातळीवर आणि यूजर राहतो डेटाबेसच्या आत. दोघांना बांधणारा धागा म्हणजे एसआयडी (आतला ओळख क्रमांक), नाव नव्हे. रिस्टोअर केल्यावर यूजर डेटाबेसबरोबर आला, लॉगिन मात्र डीबीएंनी नव्या सर्व्हरवर नव्याने तयार केलं, म्हणून त्याला नवा एसआयडी मिळाला. नाव तेच, पासवर्ड तोच, पण डेटाबेसातला यूजर अनाथ. लॉगिन सर्व्हरच्या दारातून आत येतं आणि ऑडिटच्या खोलीपाशी अडतं. डीएसएनमध्ये ‘डिफॉल्ट डेटाबेस बदला’ ही टिक नसेल तर टेस्ट लॉगिनच्या ठरलेल्या डेटाबेसवर, म्हणजे सहसा मास्टरवर (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या सिस्टम डेटाबेसवर), होते आणि पास होते. तुमच्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं.

उपाय एका ओळीचा आहे. डीबीएंना त्या डेटाबेसात ‘अल्टर यूजर, यूजरचं नाव, विथ लॉगिन = लॉगिनचं नाव’ ही कमांड चालवायला सांगा. पुढच्या वेळी हलवताना लॉगिन जुन्या एसआयडीसकट नेलं तर ही वेळच येत नाही. मग डीएसएनमध्ये डिफॉल्ट डेटाबेस म्हणून ऑडिटचाच डेटाबेस निवडा. ही टिक राहून गेली तर आणखी वाईट प्रकार घडू शकतो: लॉगिनला मास्टरमध्ये जास्तीचे हक्क असतील तर सीएमएस ऑडिटची टेबलं तिथेच नवी बनवतो. जोडणी हिरवी, नोंदीही जाताहेत, फक्त भलत्याच घरी. एडीएस_इव्हेंट नावाचं टेबल मास्टरमध्ये नाही ना, हे बघून घ्या.

अंदाज लावण्यापेक्षा एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग मागवा. क्लायंटला सुरक्षेसाठी मुद्दाम मोघम उत्तर दिलं जातं. खरं कारण एरर १८४५६ च्या शेजारी ‘स्टेट’ म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. स्टेट ५ म्हणजे त्या नावाचं लॉगिनच नाही. ८ म्हणजे पासवर्ड चुकला. ३८ म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही, अनाथ यूजरच्या बाबतीत हाच बघायला मिळतो. ५८ म्हणजे नवा सर्व्हर फक्त विंडोज ऑथेंटिकेशनवर ठेवलाय आणि तुम्ही एसक्यूएलचं लॉगिन घेऊन गेलात. त्याच ओळीत कोणत्या आयपीवरून प्रयत्न झाला तेही असतं, म्हणजे ऑडिटर कोणतं मशीन आहे याचीही खातरजमा होते. लॉगमध्ये यूजरच्या जागी डोमेन आणि मशीनचं नाव, शेवटी डॉलरचं चिन्ह दिसलं तर सीएमसीत ‘विंडोज ऑथेंटिकेशन वापरा’ टिक आहे आणि एसआयए लोकल सिस्टमखाली चाललाय. तेव्हा एकतर एसआयएला डोमेनचं सर्व्हिस खातं द्या, दोन्ही मशीनवर, किंवा टिक काढून एसक्यूएलचं लॉगिन वापरा. आणि लॉगमध्ये काहीच नसेल तर विनंती तिथवर पोचतच नाही, पुन्हा डीएसएन आणि फायरवॉलकडे वळा.

हक्कांबद्दल थोडंसं. पहिल्यांदा जोडताना सीएमएस टेबलं स्वतः बनवतो, त्यामुळे फक्त वाचणं-लिहिणं पुरत नाही, टेबल बनवण्या-बदलण्याचे हक्कही लागतात. सपोर्ट पॅक टाकताना ते पुन्हा लागू शकतात. सुरक्षा टीमने मधल्या काळात ते काढून घेतले असतील तर अपग्रेडनंतर ऑडिट का अडलं याचं उत्तर तिथे मिळतं.

ओरॅकलवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हाच प्रश्न तिकडूनही येतो. ओआरए-१२१५४ म्हणजे टीएनएसमधलं (ओरॅकलच्या पत्त्यांच्या फाइलमधलं) नावच सापडलं नाही: एसआयए ज्या खात्याखाली चालतो त्याचा टीएनएस_ॲडमिन (ती फाइल कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) बघा, ओरॅकलचा क्लायंट ६४ बिटचा आहे का ते बघा. ओआरए-१२५१४ म्हणजे लिसनर (ओरॅकलच्या दारावरचा प्रोग्राम) भेटला, पण त्याला ती सर्व्हिस माहीत नाही. आणि ऑडिट बरोबर सहा महिने चालून अचानक बंद पडलं असेल तर सरळ पासवर्ड बघा: ११जी पासून डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये पासवर्डचं आयुष्य १८० दिवस असतं. ओआरए-२८००१ म्हणजे मुदत संपली, ओआरए-२८००० म्हणजे चुकीच्या पासवर्डने टकरा मारून खातं लॉक झालं. सर्व्हिस खात्याला वेगळं प्रोफाइल द्या. लिनक्सवर असाल तर ओडीबीसी.आयएनआय फाइल आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स एसआयए सुरू होतानाच वाचली जातात, म्हणून बदल केल्यावर त्याच यूजरने नव्याने लॉगिन करून सर्व्हर सुरू करा. जुन्या शेलमधून रीस्टार्ट केलं तर जुनीच व्हॅल्यू चिकटून राहते.

जोडणी लागली हे कशावरून ठरवायचं? पानावरच्या हिरव्या खुणेवर थांबू नका. ‘एडीएस लास्ट अपडेटेड ऑन’ ही वेळ बघा: त्या वेळेआधीच्या घटना डेटाबेसात पोचल्या आहेत, असा तिचा अर्थ. ती दर काही मिनिटांनी पुढे सरकायला हवी. मग एक चाचणी रिपोर्ट उघडा आणि एडीएस_इव्हेंटमध्ये तुमच्या नावाची, प्रकार १००२, म्हणजे ‘व्ह्यू’ची नोंद आली का ते क्वेरीने बघा. याच टेबलात दोन वेळा असतात: घटना घडली ती स्टार्ट_टाइम, आणि डेटाबेसात पडली ती ॲडेड_टू_एडीएस. दोन्हींतला फरक हाच तुमचा खरा तापमापक. तुंबलेल्या नोंदी आत येत असताना हा फरक दिवसांत दिसेल, मग तासांत, मग मिनिटांवर येईल. कमी होत असेल तर हात लावू नका, होऊ द्या.

एका गोष्टीने इथे बऱ्याच जणांची फसगत होते. स्टार्ट_टाइम यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते. पुण्यात सकाळी ९:३० ला उघडलेला रिपोर्ट टेबलात पहाटे ४:०० ला दिसतो आणि ‘नोंद आलीच नाही’ म्हणून पुन्हा शोधाशोध सुरू होते. क्वेरीत ३३० मिनिटं मिळवा. रात्रीच्या शेड्यूलबाबत हे जास्त बोचतं: १ एप्रिलला पहाटे २ वाजता चाललेला जॉब यूटीसीत ३१ मार्चला रात्री ८:३० ला पडतो. न बदलता मोजलंत तर तो आधीच्या आर्थिक वर्षात जमा.

फरक कमीच होत नसेल तर ‘ऑडिटिंग थ्रेड युटिलायझेशन’ बघा. ते १०० टक्क्यांवर चिकटलं असेल तर ऑडिटरची एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची वेळ होतेय. कारणं दोन. एक, तुम्ही नको तेवढं नोंदवताय: लेव्हल ‘कम्प्लीट’वर आणि तपशिलात क्वेरी टिक केलेली. प्रत्येक रिफ्रेशची अख्खी एसक्यूएल एडीएस_इव्हेंट_डिटेलमध्ये जाते आणि ते टेबल बघता बघता राक्षस होतं. कोणी ती क्वेरी वाचत नसेल तर टिक काढा. दोन, डेटाबेस सावकाश लिहितोय. तिथे डिस्क किंवा लॉग भरला आहे का ते बघा, एसक्यूएल सर्व्हरवर ९००२ म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग भरला, ११०५ म्हणजे फाइलग्रुपमध्ये जागा नाही. किंवा कोणीतरी वर्षभराचा ऑडिट रिपोर्ट दिवसाढवळ्या चालवतंय आणि त्याच्या लॉकमागे सीएमएसचं इन्सर्ट ताटकळतंय. ब्लॉकिंग सेशन कोणाचं आहे ते डीबीए क्षणात सांगतील. हे रोजचंच असेल तर त्या डेटाबेसवर रीड कमिटेड स्नॅपशॉट (वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याला अडवू नये अशी सेटिंग) चालू करण्याबद्दल त्यांच्याशी बोला.

‘ऑडिट रिपोर्ट चालत नाही’ आणि ‘ऑडिट जोडलेलं नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सीएमएस लिहितो ती जोडणी वेगळी. ऑडिट युनिव्हर्स (ज्यावर ऑडिट रिपोर्ट बनतात ती डेटाची मांडणी) वाचतो ती रिलेशनल कनेक्शन वेगळी, तिचा सर्व्हर आणि पासवर्डही वेगळा भरलेला असतो. सर्व्हर हलवल्यावर ही दुसरी बहुतेक जण विसरतात. मग नोंदी नव्या डेटाबेसात जातात आणि रिपोर्ट जुन्यातून वाचत राहतो, शेवटची तारीख स्थलांतराच्या दिवसावर थिजलेली. जुना सर्व्हर पूर्ण बंद होईपर्यंत एररही येत नाही.

तुमच्याकडे टेस्ट सिस्टम प्रॉडक्शनवरून कॉपी करून बनवली असेल तर तिच्याकडेही आजच बघा. ऑडिट जोडणीची माहिती सीएमएसच्या सिस्टम डेटाबेसात असते, कॉपीबरोबर तीही जाते. टेस्टवर त्याच नावाचा डीएसएन प्रॉडक्शनकडे बघत असेल तर टेस्टच्या नोंदी प्रॉडक्शनच्या ऑडिटमध्ये मिसळतात. एडीएस_क्लस्टर टेबलात अनोळखी क्लस्टर दिसला तर हाच प्रकार. कॉपी केल्यावर टेस्टचा सीएमएस पहिल्यांदा उठवण्याआधीच तिथला डीएसएन बदलायचा किंवा काढून टाकायचा.

तुमच्या बाबतीत क्रम असा धरा: डीबीएंकडून एरर लॉगमधला स्टेट मागवा, अनाथ यूजर जोडून घ्या, दोन्ही डीएसएनमध्ये डिफॉल्ट डेटाबेस भरा, सीएमसीत पासवर्ड पुन्हा टाइप करून सेव्ह करा, दोन्ही सीएमएस एकामागून एक रीस्टार्ट करा. एवढ्याने नाही झालं तर ऑडिटर असलेल्या सीएमएसचा ट्रेस ‘हाय’वर ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, लॉगिंग फोल्डरमधली त्या सीएमएसची जीएलएफ फाइल (ट्रेस लॉग) उघडून त्यात ओडीबीसीची मूळ एरर शोधा, आणि ट्रेस लगेच परत खाली आणा, नाहीतर उरलेली डिस्क तोच खाऊन टाकेल. ती एरर, लॉगमधला स्टेट आणि ड्रायव्हरची नेमकी आवृत्ती, या तीन गोष्टी घेऊन मग एसएपीकडे तिकीट टाका.